पाहुण्याचं नाव

“बाई, साहेबाला पाहुणा चावला,” मेंढक्याची बायको फोनवर म्हणाली, आणि ड्रायव्हर एवढा हसला की गाडी रस्ता सोडून मुरमात उतरली.

“हसू आवर,” टोचणीबाई त्याला म्हणाल्या. मग फोनवर विचारलं, “वहिनी, भरदिवसा चावला का?”

“भर दुपारी. मेंढरांकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. दगड मारले तरी हलेना. नुसता तोंड उघडं टाकून उभा.”

“साहेबाला हात लावू नका कुणी. मी येतेय.”

जनावरांना लस टोचण्याच्या नोकरीत त्यांचा जन्म गेला होता. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं; माळरानावर त्या टोचणीबाईच. साहेब हा मेंढक्याचा कुत्रा. काम कमी आणि रुबाब फार, म्हणून साहेब. आणि पाहुणा म्हणजे लांडगा. त्याचं नाव घेणं म्हणजे त्याला हाक मारणं, असं मेंढके मानत. टोचणीबाईंना हे पटत नसे. पण कळपात गेल्या की त्याही पाहुणाच म्हणत. झोपलेल्या घरात आपण आवाज खाली ठेवतो, तसं.

लांडगा माणसाला भितो. जो भीत नाही, तो पिसाळलेला असतो. एवढं पटायला त्यांना तपासणीचा अहवाल नको होता.

गाडी गवतातून निघाली. दूरवर चरणारी हरणं माना वर करून बघत राहिली आणि धुरळा बसल्यावर पुन्हा चरू लागली. माळ नेहमीसारखाच दिसत होता.

मेंढका दगडावर बसला होता. उन्हातही त्याने अंगावर पांघरूण घेतलं होतं.

“या. साहेबांची बदली करायला आलात?”

टोचणीबाईंनी लांबूनच कुत्र्याला न्याहाळलं. कान फाटला होता. “मागच्या खेपेला हा सापडलाच नाही मला.”

“तुम्ही गाडीतनं उतरलात की साहेब रजेवर. माळभर शोधलात की तुम्ही.”

“लस घेतली असती तर वाचला असता, दादा. आता न्यावा लागेल.”

“परत कधी आणाल?”

“परत नाही.”

मेंढका कुत्र्याकडे बघत बसला. मग डाव्या हाताने डोळे पुसले. काठीही डाव्या बाजूला टेकलेली होती. उजवा हात अजून पांघरुणाखालीच होता.

“हात दाखवा.”

“काटा लागलाय.”

“बघू तर.”

त्याने हात बाहेर काढला. अंगठ्याच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन जखमा होत्या.

“काटा दोन्हीकडून चावत नाही, दादा.”

“अहो!” बायको ओरडली. “मलाही काटाच सांगितलात?”

“साहेबाला सोडवताना लागलं जरासं. गप्प बस. दवाखान्यात गेलो तर कळप कोण बघणार? कुत्राही चाललाय. पाहुणा हिंडतोय अजून.”

“मी बघेन. तुम्ही मेल्यावर मीच बघणार ना? मग आजपासूनच बघते. भावाला फोन लावते, सांजेपर्यंत येईल तो.”

टोचणीबाईंनी हातमोजे चढवले, साबण काढला आणि जखमा धुवायला घेतल्या. बायको मेंढरांच्या पिंपातलं पाणी हातावर ओतत राहिली.

“पाणी संपेल,” मेंढका म्हणाला.

“संपू दे,” टोचणीबाई म्हणाल्या. “हे विष एकदा अंगात भिनलं की उपाय नाही. आधीच सुया घेतल्या तर माणूस जगतो. विनवणी करत नाहीये मी. गाडीत बसा.”

तो उठला.

जाड मोजे घालून त्या कुत्र्याजवळ गेल्या. पहिल्यांदाच साहेब त्यांना बघून पळाला नाही. गाडीतल्या पिंजऱ्यात शिरताना तेवढं त्याने मागे वळून बघितलं.

आधी जनावरांचा दवाखाना आला. दोघा शिपायांनी पिंजरा उतरवला. मेंढका गाडीतच बसून राहिला. दार बंद व्हायच्या आत त्याने हाक मारली, “साहेब.” आतून शेपूट पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. मग दार लागलं.

माणसांच्या दवाखान्यात डॉक्टरीण नवीन होती. अंगठा उलटसुलट करून तिने विचारलं, “काय चावलं?”

“पाहुणा.”

“कोण?”

“पाहुणा चावला.”

“घरात भांडण झालं का?”

टोचणीबाई बोलणार होत्या, तेवढ्यात मेंढक्याने डावा हात वर करून त्यांना थांबवलं. चावा त्याचा होता. सांगायचंही त्यालाच होतं. तो खिडकीकडे बघत होता. गावाच्या शेवटच्या घरांपलीकडे माळ सुरू होत होता, आणि तिथे कुठेतरी त्याची बायको मेंढरं गोळा करत असणार.

“ती खिडकी लावता का?”

“उकडेल हो,” डॉक्टरीण म्हणाली.

टोचणीबाई उठल्या. त्यांनी खिडकी ओढून घेतली, कडी घातली, पडदाही सारला. मग कडी नीट बसली आहे ना, ते पुन्हा एकदा बघितलं.

मेंढका डॉक्टरणीकडे वाकला आणि अगदी हळू आवाजात, पण स्पष्ट, त्याने पाहुण्याचं नाव घेतलं.