सुनेचं गाऱ्हाणं

माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत जळतो आणि ह्या घरात कुणाला त्याचं काही पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. हळहळायला येऊ नका. हळहळ मला सासूबाईंकडून भरपूर मिळते. "बघ गो बाय, त्या कॉम्प्युटरान हाताची काय वाट लावल्यान," म्हणतात, आणि त्याच दमात नारळाची कवड खवायला पुढ्यात सरकवतात.

मी श्रुतिका. गोरेगावच्या एका ऑफिसात मालिकांचे सबटायटल्स, म्हणजे पडद्यावर खाली येणाऱ्या संवादांच्या ओळी, टाइप करते. नायिका दिवसभर रडते, मी दिवसभर टाइप करते. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग हातातून कप निसटायला लागला, मग खांद्यापर्यंत ठणका. डॉक्टरीणबाईंनी मनगटाला पट्टा दिला आणि म्हणाल्या, "टायपिंग कमी करा. आणि घरी खवणं, मळणं, कपडे पिळणं बंद. ऑफिसातला हात वेगळा आणि घरातला वेगळा असं नसतं हो."

ऑफिसातली माझी बॉस रोशनी काही देवमाणूस नाही. आठवडाभर तोंड वाकडं करून फिरली. पण शेवटी तिने मला माइक दिला. मी बोलते, मशीन लिहितं, मी फक्त चुका दुरुस्त करते. ठणका अर्ध्यावर आला. म्हणजे ऑफिसात हात बरा व्हायचा आणि चारकोपला घरी आला की पुन्हा मोडायचा.

घरी माझे सासरे, गुणाजीराव. तरुणपणी गिरणीत होते, आणि ते आम्हाला विसरू देत नाहीत. "आम्ही दिवसभर साच्यावर उभे रवलो. आमचे हात नाय दुखले? आणि हिचे बसान बोटां हलवन दुखतत!" मग माझा नवरा देवेश, गोड आवाजात: "सोड ना यार नोकरी. कशाला हाल करून घेतेस?"

हात दुखतो तर काम सोडावं, हे मलाही पटतं. पण कुठलं? मी म्हटलं, "बरं, खोबरं खवायचं सोडते." तर हा हसला. त्याला वाटलं मी गंमत केली. मेल्याला तेव्हाच विळीवर बसवायला हवा होता. गणपती गेले की मी राजीनामा द्यायचा, असं आई-बाप-मुलगा तिघांनी परस्पर ठरवून नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं.

चतुर्थीला सकाळी मी मनगटाला पट्टा बांधला आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं की आज मला जमणार नाही. सासूबाई उकड काढत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. "देवाच्या कामाक पट्टो बांधून बसतंस?" चुलतसासरे बाळकाका, त्यांचा सुयोग, बायका-मुलं, सगळं घर भरलेलं. तमाशा नको म्हणून बसले विळीवर. दुपारी पानं वाढताना वरणाचं भांडं हातातून सुटलं. "जरा बघून!" देवेश ओरडला. तो तेव्हा मखरातल्या लायटिंगचे फोटो काढत होता.

संध्याकाळी आरती झाली आणि सासरे गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. आमच्यात घरातला मोठा पुरुष देवापुढे सगळ्यांसाठी मागणं मागतो. त्याने 'रे म्हाराजा' म्हणून सूर सोडला की मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ऐकून म्हणतात असं काही नाही, अर्ध्यांचं लक्ष प्रसादाकडे असतं. पण देवापुढे हो म्हटलं की म्हटलं, ते मागे घेत नाहीत. सुयोगची दारू गेल्या वर्षी अशीच सुटली.

"बा गणराया, ह्या घरातल्या पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या सुनेच्या हाताची पिडा त्या कॉम्प्युटराबरोबर घराभायर जांव दे, तिका नोकरी सोडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज देवेशचा. माझ्या नवऱ्याचा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच क्षणी मस्तकात तिडीक गेली. आमच्या घरात बाई गाऱ्हाणं घालत नाही. खड्ड्यात गेलं. मी हात जोडले आणि सासऱ्यांचाच सूर उचलला.

"आणि बा गणराया! ज्या हातान तुझ्या मोदकांचा खोबरा खवला, त्या हाताची नोकरी शाबूत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली म्हणाली. सवयच ती.

सासरे गर्रकन वळले. मी थांबतेय कसली!

"आणि उद्यापासून ह्या घरातला खोबरा, पीठ आणि पिळूचे कपडे माझ्या घोवाच्या, ह्या देवेशाच्या हातात दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सासूबाई होत्या. त्यात देवेशही होता. 'म्हाराजा' म्हणून झाल्यावर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. बाळकाकांना हसू आवरेना.

"ह्या गाऱ्हाणा नाय!" सासरे गरजले.

"का? देवाने ऐकलं नाही का?"

त्यांनी मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. देवाने ऐकलं नाही असं त्यांच्याच्याने म्हणवेना. रागारागाने त्यांनी नारळ असा आपटला की पाणी मखरावर उडालं.

"फसवलंस तू मला," देवेश दात-ओठ खात पुटपुटला.

"आणि तू देवाकडे माझ्यासाठी काय मागितलंस रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं ऑफिस होतं. मालिका काही गणपतीला सुट्टी घेत नाहीत. मी पट्टा बांधून निघाले तर देवेश लुंगी खोचून विळीवर बसलेला, बाजूला सासूबाई तोंड फुगवून नारळ फोडून देत होत्या. पहिली कवड अजून अर्धीच झाली होती.

"मनगट दुखायला लागलं गं," तो म्हणाला.

मी चपला घातल्या. अगदी त्याच्यासारख्याच गोड आवाजात म्हटलं, "मग नोकरी सोड ना यार. कशाला हाल करून घेतोस?"