आता मागे फिर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी आबांना नावं ठेवायला नकोत.

आबा म्हणजे माझे सासरे, धाकू. ब्याऐंशी वर्षांचे, कोकणातल्या घरात एकटे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना घाटकोपरला आमच्याकडे आणायचं होतं आणि विमानाचा हट्ट माझा. आमच्या गावच्या सड्यावर, वरच्या कातळ पठारावर, नवा विमानतळ झाला होता. तिकडून माणसं फारशी बसत नाहीत, म्हणून रिकाम्या जागांची भरपाई सरकार कंपनीला द्यायचं आणि आपल्याला तिकीट स्वस्तात पडायचं.

आमच्या गावाला राखणदार आहे. दिसत नाही. काठी टेकत माणसाच्या सोबतीला शिवेपर्यंत येतो. मुंबईला निघालेला माणूस शिवेवरच्या दगडापाशी उतरतो, जमिनीला हात लावतो आणि म्हणतो, "आता मागे फिर. घराकडे बघ." मग तो परततो. लग्न होऊन आल्यापासून मी हे बघत होते आणि मनातल्या मनात हसत होते.

पण विमानतळ शिवेच्या आत. दगड वाटेत लागतच नाही. आबा विमानतळाच्या दारातच थांबले आणि जमिनीला हात लावायला वाकू लागले. गुडघा वाकेना. मागे रांग खोळंबली. मी त्यांचा दंड धरला नि म्हटलं, "आबा, पुरे झालं आता, चला."

विमान वर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "नलू, तू माका बोलूक दिलंस नाय गो. तो वांगडा इलो."

राखणदार आपल्याबरोबर आला, असं त्यांचं म्हणणं. मी खिडकीबाहेर ढग दाखवले.

घरी चौथ्याच दिवशी दुपारी पॅसेजमध्ये टक्, टक् सुरू झालं. दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत. माझा नवरा लवू मालाडला कामावर, आबा पलंगावर पाय लांब करून पडलेले. मी जाऊन पाहिलं, कोणी नाही. गिझरच्या पाइपाचा आवाज असेल, असं स्वतःला बजावलं. आठवड्याने खालची माधुरी वर आली. "काकी, दुपारी रोज काय ठोकता ओ? पोरीची परीक्षा आहे ना!"

मी तिची माफी मागितली. दुसरं काय सांगणार होते?

भीती वाटली नाही, राग आला. आबांचा, त्या काठीचा, माझाही. तिकडे गावाहून शेजारच्या शांताबाईंचा फोन, रानडुकरं अंगणापर्यंत येतात, माडाचे कोंब खाऊन गेली. आबा म्हणाले, "राखणदार हयसर, मगे थंय कोण राखतलो?"

आबांचं ऑपरेशन झालं. परतीचं तिकीट दीड महिन्यानंतरचं होतं. त्याच्या आठ दिवस आधी मेसेज आला, विमान रद्द. सरकारी मदतीची मुदत संपली होती आणि मदतीशिवाय विमान परवडेना म्हणून कंपनीने ते काढूनच घेतलं.

लवू म्हणाला, "आबा, गाडी करतो. झोपून चला."

"तो इमानान इलो, इमानानच जातलो. वाट तितकीच ठावक त्येका. त्येका हयसर टाकून मी खंयच्या तोंडान गावात जाव?"

मी भांडले, रडले, अबोला धरला. म्हातारा हलला नाही. शेवटी सरकारला अर्ज मीच लिहिला, गावासाठी विमान परत सुरू करा म्हणून. खरं कारण लिहिण्याची सोय नव्हती. वयोवृद्ध रुग्णांची गैरसोय, असं लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, योजनेच्या पुढच्या फेरीत विचार होईल. ते पत्र आबांनी उशीखाली ठेवलं.

मग ते दिवसभर गॅलरीत बसू लागले. आमच्या इमारतीवरून दर तीन-चार मिनिटांनी विमान जातं, इतकं खाली की चाकं दिसतात. प्रत्येक वेळी विचारायचे, "ह्या आपला?" मी नाही म्हणायचे. ती सगळी उतरणारी विमानं होती. जाणारी समुद्राच्या बाजूने उडतात, आमच्याकडून दिसत नाहीत. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी ते त्याच खुर्चीत गेले. मान वर केलेली होती.

लवूने अस्थी गाडीने गावी नेल्या. तो तिकडे असतानाच मी ते ऐकलं. टक्, टक्, आणि त्याच्या मागून सपातांची फरफट. डावा पाय ओढत चालण्याची. सहा महिने मी तो पाय धुतला होता, ओळखणार नाही कशी? मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. माझ्यामुळे एक सोडून दोघं अडकले होते.

पावसाळा सरल्यावर बातमी आली, मदत मंजूर, विमान पुन्हा सुरू. मी एकच तिकीट काढलं. येताना तरी राखणदाराने कुठे तिकीट काढलं होतं? निघताना दार सताड उघडलं आणि म्हटलं, "आबा, चला. त्यांनाही घ्या." अंधेरीच्या विमानतळापर्यंत रिक्षात मी एका कडेला अंग चोरून बसले.

विमान अर्धंअधिक रिकामं. माझ्या शेजारच्या दोन्ही जागा मोकळ्या. हवाई सुंदरी म्हणाली, "मॅडम, खिडकीशी बसा ना." मी म्हटलं, "नको, तिथे आहेत." ती हसली नाही, पुढे गेली.

घर झाडलं, दिवा लावला, अंगणात आबांची खुर्ची मांडली. दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानासाठी पुन्हा त्याच दारात उभी राहिले. मागे आवाज होताच. टक्, टक्, आणि फरफट. मला पोचवायला दोघं आले होते.

मागे रांग होती. मी बॅग खाली ठेवली, वाकले, जमिनीला हात लावला. "आता मागे फिर," मी म्हटलं. "घराकडे बघ." आणि मग आबांना सांगायचं होतं. सासऱ्याला परत जा म्हणायला मी कोण? मागून कोणीतरी म्हणालं, "ओ बाई, चला ना." मी उठले नाही. "आबा," मी म्हटलं, "तुम्हीपण."

फरफट थोडा वेळ थांबली. मग काठीच्या आवाजामागून दूर गेली.

घाटकोपरला मी दुपारी पोचले. लवू मालाडला होता. कुलूप काढलं, पॅसेजमध्ये उभी राहिले. वरून विमान गेलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या घरात पहिल्यांदाच मला एकटीला भीती वाटली.