उलटा पवित्रा

सलूनमध्ये दिवसभर माझं तोंड बंद नसतं. गिऱ्हाइकाच्या गुडघेदुखीपासून त्याच्या जावयापर्यंत सगळ्यांची चौकशी करतो. घरी मात्र बोलायला फक्त भिंती. दूर नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन रविवारी येतो. बायको होती तोवर "थांब हं, आईला देतो" म्हणून मी सुटायचो. आता फोन द्यायचा कुणाला? "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." संपलं.

ती तिकडे बॉक्सिंग खेळते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, शिकू या. निदान दोन वाक्यं जास्त बोलता येतील.

फोन बरणीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओतला मास्तर करेल तसं करू लागलो. हनुवटी खाली, मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. ठोसा मारला की हात लगेच परत गालाशी. माझा हात परत यायचं विसरायचा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काका, रोज फर्निचर हलवता का?" मी सरळ हो म्हणालो. या वयात खरं कोण सांगतंय!

ठोसे मारायला बायकोची उशी कपाटाच्या दाराला बांधली. मारवेना. सोडून परत पलंगावर ठेवली आणि हवेतच हात चालवत राहिलो.

मुलगी कपडे न्यायला एका दिवसासाठी आली. चहासुद्धा उभ्यानंच घेतला. बॅग भरून झाल्यावर मी धीर केला. "जरा बघतेस का?" म्हणालो आणि मुठी वर घेतल्या.

ती बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. "बाबा, उलटे उभे आहात! तुम्ही उजवे ना? मग डावा पाय पुढे हवा."

झालं! मास्तर माझ्याकडे तोंड करून उभा, आणि मी जन्मभर आरशात बघून केस कापणारा. त्यालाही आरसाच समजून बसलो होतो. सगळी मेहनत पाण्यात. ओशाळून पाय बदलायला गेलो.

"थांबा, हलू नका." तिनं बॅग खाली ठेवली. "माझी पुढची लढत एका डावखुरीशी आहे. ती अशीच उभी राहते. आमच्याकडे सरावाला डावखुरं कुणीच नाही."

ती माझ्यासमोर उभी राहिली. पहिला ठोसा नाकाच्या बोटभर अलीकडे थांबला. मी डोळे गच्च मिटले होते.

"डोळे उघडे ठेवा, बाबा."

उघडले. कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडे असं टक लावून बघितलं नव्हतं. मला भरून आलं, म्हणून मी मुठी आणखी वर घेतल्या.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेलीच. घर पुन्हा होतं तसं झालं. रविवारी फोन वाजला तेव्हा "जेवलीस?" माझ्या ओठावर तयार होतं.

"बाबा, उजवा पाय पुढे आहे ना?"

मी पलंगावर बसलो होतो. "हो," म्हणालो, आणि उठून उभा राहिलो.