पाळणा पलीकडे गेला

मित्रांनो, मी तुतीच्या लाकडाचा एक जुना पाळणा आहे. दोरीला लोंबकळणारा नव्हे, जमिनीवर उभा राहून डुलणारा. मला वर धरायला दांडा आहे, बाळाला बांधायला रुंद पट्टे आहेत, आणि तळाला एक भोक आहे. भोकाखाली मडकं ठेवतात. हसू नका! त्या मडक्यामुळेच आमच्या फरगाना खोऱ्यातल्या आयांचं निम्मं धुणं वाचतं.

ओयसारा माझ्यात वाढली, पुढे तिची लेक मुनोजातही. घरी आलेला पाहुणा आधी माझ्या लाल-पिवळ्या रंगाचं कौतुक करी, मग बाळाचं. मुनोजात मोठी झाली आणि माझी रवानगी गवताच्या खोलीत झाली. तिथे कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. काय करता! दिवस फिरले की असेच फिरतात.

मुनोजातचं लग्न कालव्यापलीकडच्या गावात झालं. तेव्हा कालव्यावर नुसता पूल होता. इकडे भाजलेली नान तिकडे गरमच पोहोचायची. पुढे दोन काठांचे दोन देश झाले आणि पुलावर फाटक बसलं. अशातच मुनोजातला मुलगी झाली.

आमच्यात पहिल्या नातवंडाचा पाळणा आईची आई नेते, आणि बाळाला त्यात घालायचा मानही तिचाच. ओयसाराने कोंबड्या हाकलल्या, मला घासूनपुसून नवा रंग दिला आणि गाढवगाडीवर बसवून फाटकाशी आणलं.

फाटकावर नोर्मात नावाचा मिशाळ शिपाई होता.

"खाला, पाळणा जाईल. तुम्हाला नाही जाता येणार."

"का रे? तो काय एकटा चालत जाणार?"

"लग्न असेल नाहीतर मयत असेल, तरच माणूस सोडायचा असा हुकूम आहे. बाळाचं त्यात काही नाही."

"वा रे हुकूम! जन्मलेल्याला आजी नसते वाटतं?"

नोर्मात ओशाळला. माणूस वाईट नव्हता. याच पुलावरून चोरून बंदुका नेणाऱ्यांनी त्याच्या सोबत्याला मारलं होतं. फाटक का हवं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "खाला, व्याही वारले म्हणा. मी पुढे काही विचारणार नाही."

ओयसारा कडाडली, "जिभेला काही हाड? पाळण्यासमोर मरणाचं नाव काढतोस? आणि तो बिचारा तर तिकडे दाढी खाजवत उभा आहे!"

मला वाटलं, म्हण गं बाई, एकदाच खोटं म्हण. पण तिने माझ्या दांड्यावरचा हात काढला. "घेऊन जा याला. सांभाळून ने."

नोर्मातने मला उचलून पलीकडे ठेवलं. तिथे मुनोजात होती, तिची सासू होती, सारं गाव होतं. आमच्याकडे बाळाला आधी मुद्दाम उलटं ठेवतात, डोकं पायाकडे, आणि सगळ्यांना विचारतात. मान ओयसाराचा, म्हणून विहिणीने फक्त हात दिले. आवाज फाटकाआडून ओयसाराचाच आला.

"असं ठेवू का गं बायांनो?"

"नाही!" दोन्ही काठांवरून ओरडा झाला.

"नाही हो खाला, उलटं!" नोर्मातही ओरडला, आणि सगळे त्याच्यावरच हसले.

"मग असं?"

"हो!"

पट्टे बांधले, तशी पोर भोकांड पसरून रडू लागली. फाटकाआड ओयसाराचे हात आपोआप पुढे आले. मग तिने ते बाह्यांत दडवले. मुनोजातने पट्टे सोडले आणि पोरीला उंच धरून दाखवलं. "आई, जड आहे गं!" ती ओरडली आणि स्वतःच रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला बंधनाचा राग नाही. पट्टे मलाही आहेत. ते नसते तर किती बाळं पडली असती! पण बाळ रडलं की आई आधी पट्टे सोडते. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी फाटकावर उभं राहील, कुणी हुकूम काढेल. तेव्हा लग्न आणि मयत लिहून झालं की जरा थांबा, आणि जन्मही लिहा. आणि लवकर लिहा. ओयसाराची नात आता धरून धरून उभी राहू लागली आहे, आणि आजीने तिला अजून एकदाही उचललेलं नाही.