डोंगराचा खड्डा करणारा स्टिरिओस्कोप

मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण मी चालत नाही. चार आरसे आहेत, पण माझ्यात बघून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. मी एक म्हातारा स्टिरिओस्कोप. नाव घेताना जीभ अडखळली तर लाजू नका. आमच्या ऑफिसात पहिलं वर्षभर सगळे मला 'भिंगाचं टेबल' म्हणायचे आणि मी निमूटपणे ऐकून घ्यायचो.

माझा जन्म १९७९ साली मुलुंडच्या एका छोट्या वर्कशॉपात झाला. तिथले कारागीर भाऊ यांनी एक परदेशी यंत्र उघडून पाहिलं आणि "हे काय, हे तर आपणही करू" म्हणत दोन महिन्यांत मला उभं केलं. तुमच्या घरच्या आरशाची चकाकी काचेच्या मागे असते. माझ्या मोठ्या आरशांची मात्र पुढच्या अंगाला, उघडीच आहे. एकदा बोट लागलं की डाग कायमचा. म्हणून भाऊ मला हात लावण्यापूर्वी साबणानं हात धूत. एवढी बडदास्त लहानपणीच झाल्यामुळे मी जरा लाडावलो होतो, हे मान्य करतो.

मुलुंडहून मी अंधेरीच्या एका नकाशा-कार्यालयात आलो. माझं काम ऐकायला कठीण, बघायला सोपं. विमान डोंगरावरून सरळ उडत जातं आणि ओळीनं फोटो काढतं. एकच जागा दोन फोटोंत येते, पण थोड्या वेगळ्या ठिकाणाहून पाहिलेली. ते दोन फोटो माझ्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे. डाव्या डोळ्याला डावा दिसतो, उजव्याला उजवा. घटकाभर डोळे चोळावे लागतात, आणि मग सपाट कागदातून डोंगर चक्क वर उठतो. लोक तोंडात बोटं घालतात. नकाशावाल्यांची आणि उपग्रहावरून जमीन पाहणाऱ्यांची देशभर पसरलेली एक संस्था आहे. तिच्या मुंबई शाखेनं १९८३ मध्ये परवानगी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा माझ्यासमोर सर्वांत लांब रांग लागली. एक कॉलेजकन्या तर ओरडलीच, "आईशप्पथ, काय झकास यार!" ते कौतुक माझ्या अजून कानात आहे.

ऑफिसात माझे तीन सोबती. जयवंत सबनीस हे साहेब, आणि त्या संस्थेच्या शाखेचे चिटणीससुद्धा. नीला ही नवी, हुशार, नकाशे रंगवणारी मुलगी. आणि लवू मेस्त्री हा शिपाई. लवूचा बाप कोकणातून गिरणीत आला होता. लवू स्वतः भांडुपच्या डोंगरावर, पस्तीस घरांच्या वस्तीत राहायचा. रोज सकाळी तो मऊ ब्रशनं माझी धूळ झाडायचा, पण माझ्यातून त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हवाई फोटो गोपनीय. ते कुलपाच्या कपाटात ठेवलेले, मोजून काढायचे, मोजून परत ठेवायचे. लवू बंद पाकीट आणून द्यायचा, वहीत सही करायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. पाठ फिरवून उभं राहणं हेही त्याच्या कामातच मोडत होतं.

आता १९८६ ची गोष्ट ऐका. भांडुपच्या डोंगरावर पावसाळ्यात कुठली घरं धोक्यात येतील, याचा नकाशा आमच्याकडे मागवला होता. तो कलेक्टर कचेरीत सोमवारी द्यायचा होता, आणि त्याच्या आधीच्या शनिवारी संस्थेच्या अधिवेशनात सबनीस साहेब तो सगळ्यांना दाखवणार होते. निमंत्रणं, पाहुण्यांची सोय, हारतुरे, सगळं साहेबांच्याच डोक्यावर. त्या घाईत त्यांनी फोटो स्वतः लावले, स्वतः पाहिले आणि खुणा केल्या. नीलानं त्यावर रंग भरले.

शुक्रवारी दुपारी चहा घेऊन आलेला लवू त्या रंगीत नकाशापाशी थबकला. त्याची वस्ती लाल होती.

"मॅडम, ह्या लाल म्हणजे काय?"

"नाल्याचं पात्र, लवूकाका," नीला हळूच म्हणाली. "तिथली घरं हलवायची शिफारस आहे. बाजूला हिरवं दिसतंय ना, तो उंचवटा. तिथे नवी जागा मिळेल."

लवूनं कपबश्या टेबलावर ठेवल्या. "सायेब, चूक झालीहा. आमची वस्ती डोंगराच्या धारेर आसा, उंचार. नाल्यात नाय."

सबनीस साहेब कागदांतून मान वर न करता म्हणाले, "लवू, मी डोळ्यांनी पाहिलंय रे. यंत्र खोटं बोलत नाही."

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, ते ऐकून माझी छाती फुगली. आपण खोटं बोलत नाही, हा माझा केवढा अभिमान! पण लवू काही हटेना.

"यंत्र नसात बोलत. पण माझी बायको जानकी रोज दोन हंडे डोक्यार घेऊन वर चढता. नळ खाली, घर वर. नाल्यात ऱ्हवणारो माणूस पाणी भरूक खाली कित्याक उतरात?" मग त्यानं हिरव्या भागावर बोट टेकवलं. "आणि हो तुमचो उंचवटो? गेल्या पावसात हयसून म्हस व्हावान गेली!"

नीलानं कपाटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "सर, काकांना एकदा दाखवू या का?"

"अगं, नियम आहे ना!" साहेब म्हणाले. मग लवूकडे पाहत राहिले. वीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस त्यांच्यापुढे कधी एवढं बोलला नव्हता. त्यांनी स्वतः किल्ली काढली. "आण पाकीट. ज्याचं घर, त्याच्यापासूनच घराचा फोटो लपवायचा म्हणजे फारच झालं. वहीत सही मी करतो."

लवू माझ्यावर वाकला. पहिल्यांदा वाकताना त्यानं सवयीनं टोपी काढली.

"दोन दोन दिसतत," तो पुटपुटला. मग म्हणाला, "आता एक झाला... अरे देवा! आमचो वड खड्ड्यात खंय गेलो?"

"वड?"

"देवळाकडचो मोठो वड, मॅडम. तीन माणसांच्या कवेत येणा नाय. हय त्याची विहीर झालीहा!"

नीलानं पाहिलं आणि फोटोंच्या कोपऱ्यातले नंबर वाचले. वाचून तिनं कपाळावर हात मारला. "सर, वाट लागली! हा परतीचा पट्टा आहे."

घोळ असा होता. विमान एक पट्टा पूर्वेकडे जाताना टिपतं आणि पुढचा उलटं पश्चिमेकडे येताना. येतानाच्या पट्ट्यात मोठा नंबर डावीकडे ठेवावा लागतो. साहेबांनी घाईत नेहमीसारखा लहान नंबर डावीकडे ठेवला होता. असं झालं की डोळे फसतात, डोंगर खड्डा दिसतो आणि खड्डा डोंगर. हे सगळ्यांना बजावून सांगणारे साहेबच, आणि चुकले तेही साहेबच. आणि मी? मी तो खड्डा मोठ्या दिमाखात दाखवत बसलो होतो. मला तेव्हा फार लाज वाटली. पस्तीस कुटुंबं सुरक्षित धारेवरून उचलून खऱ्या नाल्यात नेऊन बसवायला मी हातभार लावला होता.

नीलानं फोटो अदलाबदल केले. डोंगर वर उसळला. लवूचा हात आपोआप पुढे झाला, कागदावरच्या उंचीला चाचपायला.

"हयच," तो म्हणाला. "हा माझा पत्र्याचा छप्पर." आणि डोळे पुसत बाजूला झाला. माझी भिंगं ओली झाली होती. जन्मात पहिल्यांदा मला ओलं झाल्याचा राग आला नाही.

शनिवारी अधिवेशनात सबनीस साहेबांनी आधी चुकीचा नकाशा लावला. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी माना डोलावल्या. मग साहेब म्हणाले, "हा माझा. आता लवू मेस्त्रींनी दुरुस्त केलेला बघा." शेवटच्या रांगेत, जानकीच्या शेजारी बसलेल्या लवूला उभं राहावं लागलं. सोमवारी कचेरीत दुरुस्त नकाशा गेला. पस्तीस घरं आजही धारेवर आहेत.

मग १९८८ मध्ये आपल्या देशाचा स्वतःचा, आकाशातून जमिनीची चित्रं टिपणारा दूरसंवेदन उपग्रह वर गेला. ऑफिसात नवे पडदे, नवी चित्रं आली. माझ्यावर फायली रचल्या गेल्या आणि एका भिंगाला बुरशी धरली. वाईट वाटलं, पण कुढत बसण्याचा माझा स्वभाव नाही. नीलानंच मला फायलींखालून ओढून काढलं. आता ती संस्थेतर्फे शाळेतल्या मुलांना बोलावते आणि परवानगी काढलेली एका घाटाची जोडी माझ्याखाली ठेवते. मुद्दाम उलटी.

तेव्हा मित्रांनो, याल तेव्हा माझ्या आरशांना बोट लावू नका, माझं वय झालं आहे. पण दरी जर डोक्यावर आलेली दिसली, तर बाई समोर आहेत म्हणून गप्प बसू नका. पुष्कळ मुलं पाहतात, मान डोलावतात आणि "छान आहे" म्हणून निघून जातात. त्या दिवशी नीला घरी जाताना मला कापड घालायचंसुद्धा विसरते. पण मग एखादी पोरगी डोकं वर काढते, सगळ्यांदेखत म्हणते, "बाई, हे चुकलंय," आणि नीला तिला आपल्या खुर्चीवर बसवते.