कान तुटलेल्या कपातला लेप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. मला कान नाही, पण ऐकू मात्र सगळं येतं!

मी पांढऱ्या चिनी मातीचा, काठावर निळी रेघ असलेला. भावंडांबरोबर या घरात आलो आणि बरीच वर्षं चहा पाजला. पाहुणे माझी रेघ न्याहाळायचे. एकदा धुताना नळाला आपटलो आणि माझा कान गेला. घरातल्या छोट्या चिमीचे बाबा मला केराच्या डब्याकडे नेऊ लागले, तेवढ्यात तिच्या आत्याने त्यांचा हात धरला.

“अरे, लेप कालवायला कान कशाला लागतो?”

आत्या बसमध्ये कंडक्टर. रस्त्यावरची सगळी धूळ चेहऱ्यावर घेऊन घरी यायची. सुट्टीच्या दुपारी ती माझ्यात डाळीचं पीठ, दही आणि थोडा मध कालवायची. तिचा एक नियम होता. आदल्या दिवशी चिमूटभर लेप कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. खाज आली नाही, तरच तोंडाला. मग आत्या, बाबा आणि चिमी तिघं लेप लावून ओळीने बसायची. हसलं की लेपाला तडे जात, म्हणून सगळी गप्प. पण बाबांना कुठलं राहवतंय!

“ताई, भिंतीला टेकू नकोस. तू कुठली आणि भिंत कुठली, कळायचं नाही!”

झालं! सगळ्यांच्या लेपाला एकदम तडे.

एकदा चिमीची शाळेत गोष्ट सांगायची स्पर्धा होती. आदल्या संध्याकाळी तिने आरशात पाहिलं आणि ठरवलं, आपला चेहरा उद्या चमकला पाहिजे. आत्या कामावर होती. चिमीने माझ्यात पीठ घेतलं आणि अख्खं लिंबू पिळलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण कपाचं कोण ऐकतो? कोपर विसरून तिने सगळा लेप तोंडाला थापला आणि वाळून कडक होईपर्यंत ठेवला. धुतला, तर गाल लालभडक! आग आग व्हायला लागली.

आत्या आली तेव्हा चिमी दार लावून रडत होती. “मी उद्या जाणार नाही. सगळे हसतील.”

आत्या रागावली नाही. तिने चिमीचा चेहरा गार पाण्याने धुतला आणि ओलं फडकं ठेवलं. “आता काही लावायचं नाही. लेप धूळ काढतो गं, थकवा उतरवतो. गोष्ट तो थोडीच सांगणार आहे? ती तुलाच सांगायची आहे.”

सकाळी गालांवर थोडी लाली होतीच. चिमी दारापाशी घुटमळली, मग दप्तर उचलून गेली.

दुपारी ती धावत आत आली. बाबांनी विचारलं, “काय गं, हसले का?”

“हो! गोष्टीतलं माकड पाण्यात पडलं तेव्हा सगळे हसले. गालांकडे कुणी पाहिलंच नाही!”

आता चिमी आधी कोपराला विचारते, मग चेहऱ्याला. आणि लेप झाला की मला लगेच धुते, कारण वाळलेलं पीठ माझ्या अंगाला घट्ट चिकटतं. मी सुखात आहे. मित्रांनो, आपल्या चेहऱ्याशी घाई करू नका, त्याला मायेने वागवा. आणि कान तुटलेला कप टाकण्याआधी क्षणभर थांबा. अजून त्याच्यात काय काय मावेल, तेवढं बघा.