खिडक्यांचा कडता

सांगलीच्या हळदपेठेत चाळीस वर्षं पोती तोलून शरच्चंद्रशेठनी पाचगणीला बंगला घेतला, आणि त्या दिवसापासून त्यांना जगातलं सगळंच कळायला लागलं.

बंगला इंग्रजाच्या वेळचा. तावदानं दारासारखी उघडत नाहीत, वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोटात दोन अंगांना दोन लोखंडी वजनं, दोन्ही मिळून तावदानाच्या भाराइतकी, कप्पीवरून दोरी. बोट लावलं की तावदान वर जावं, जसं दोरी ओढून पाळणा हलावा. तीस वर्षं त्या दोऱ्या बदलत आला धोंडिराम सुतार. शेठ म्हणाले, ही लोखंडं भंगारात टाक, मुंबईहून स्प्रिंगा मागवतो. धोंडिरामनं मान हलवली. यानं हळद बघितली, सागवान कवा बघितलं, असं मनात म्हणाला आणि वजनं गुपचूप लाकडाच्या खोलीत नेऊन ठेवली.

स्प्रिंगवाल्यांनी प्रत्येक तावदानाचं वजन कळवायला सांगितलं होतं. धोंडिराम तोलायला पुढं झाला, तर शेठ हसले. तोलणं त्यांचं, रंधा मारणं त्याचं. पेढीवरचा काटा आणून त्यांनी पडवीच्या तुळईला टांगला आणि अकरा तावदानं काचांसकट स्वतः तोलून डायरीत लिहिली.

स्प्रिंगा आल्या, धोंडिरामनं बसवल्या. वर ढकललेलं तावदान म्हाताऱ्याच्या मानेसारखं हळूहळू खाली येई. एक आलं ते शेठच्या पत्नी शरयूवहिनींच्या मनगटावरच, बांगड्या फुटल्या. शेठनी चार पाहुण्यांत जाहीर केलं की सुताराच्या हातातलं कसब गेलं. पाचगणीत अशी गोष्ट वाऱ्यावर जाते. शेजारच्या शाळेनं आपल्या चाळीस खिडक्या दुरुस्तीला धोंडिरामला द्यायच्या ठरवल्या होत्या. दुपारी निरोप आला, थांबा. त्यानंतर त्याला कोण हाक मारणार होतं?

त्यानं स्प्रिंगांना यथेच्छ शिव्या घातल्या. मग लाकडाच्या खोलीतून एका खिडकीची दोन्ही वजनं काढून त्याच काट्याला लावली. चौदा किलो. त्या खिडकीच्या स्प्रिंगांवरची चिठ्ठी म्हणत होती, बारा. दुसऱ्या खिडकीचंही तेच, दोन कमी. तिसरीचंही. शिव्या परत घ्याव्या लागल्या. स्प्रिंग बिचारी इमानी, सांगितलं तेवढंच पेलत होती.

त्यानं एक तावदान उतरवून काट्याला अडकवलं आणि शेठना अदबीनं हाक मारली.

"मालक, माजं डोळं गेलं बगा. तुमीच एकदा तोला."

शेठ खुशीत आले. चष्मा चढवला, काटा निरखला.

"चौदा," म्हणाले, आणि डायरीत लिहिलं बारा.

मनगटाला पट्टी बांधलेल्या वहिनी खांद्याआडून बघत होत्या. "अहो, म्हणालात चौदा आणि लिहिलंत बारा."

"मग कडता नको धरायला? बारदानाचं, ओलीचं पोत्यामागं दोन किलो वजा..." शेठ तिथंच थांबले.

धोंडिराम गंभीरपणे म्हणाला, "व्हय मालक. काचंला ओल लय असती."

वहिनींनी आत जाऊन शाळेचा फोन लावला आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला. शेठ आधी म्हणाले, स्प्रिंगाच खराब निघाल्या. वहिनी हलल्या नाहीत. मग म्हणाले, तोलताना माझं चुकलं. इतकं हळू, की पलीकडच्यानं परत विचारलं.

नव्या स्प्रिंगा येईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवायच्या कशा, म्हणून धोंडिराम जुनी वजनं झटकत बसला होता. दुसऱ्यांदा म्हटलेलं त्याला पडवीत स्वच्छ ऐकू आलं.